लाभ, दोन, तीन

१ जानेवारी, सकाळी ७
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प: चहा बिनसाखरेचा. टीव्हीवरच्या चर्चा बंद. भूमिकेला आकडे शिकवणे.

पहिले दोन दर वर्षीचेच आहेत. तिसरा नवा आहे आणि सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो. भूमिका माझी नात, वय चार. तिच्या बापाची, म्हणजे आमच्या दुर्गेशची, बदली झाली. बुटीबोरीचा कापड कारखाना सोडून एप्रिलमध्ये सुरतेला हजर व्हायचं आहे. काल जेवताना मी तोडगा मांडला. इथे मनीषनगरात, घरापासून चालत जाण्यासारख्या शाळेत भूमिकेला केजी-वनला प्रवेश मिळाला, तर सूनबाई सोनिका आणि भूमिका माझ्याजवळ राहतील. दुर्गेश सुट्टीला येत जाईल. दुर्गेश वरणात पाहत होता. सोनिका पोळी आणायला गेली. विरोधात कोणी बोललं नाही. सांख्यिकी खात्यात आयुष्यभर मीटिंगा घेतल्यात. विरोध नाही म्हणजे ठराव पास.

शाळेत मार्चमध्ये मुलाखत असते. तिला ते इंटरॅक्शन म्हणतात. वस्तू मोजायला लावतात, दहापर्यंत. दहा आकड्यांचा तर प्रश्न आहे. मी लाखांत काम केलेला माणूस.

आतापर्यंत हे खातं माझ्या बायकोकडे, सुभद्रेकडे होतं. ती श्रावणात गेली. तेव्हापासून जागा रिकामी आहे.

मुदत महिनाभर. खरं तर पंधरा दिवस पुरेत.

२ जानेवारी, दुपारी ४
पद्धत ठरली. हँड्स-ऑन. म्हणजे पाटी-पुस्तक नाही, वस्तू हातात घेऊन शिकायचं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातली बाई म्हणते, मुलांना आधी साहित्याशी खेळू द्या, घाई करू नका. मी पाच मिनिटं खेळू दिलं.

साहित्य: राजमा. दाणा मोठा, रंग छान. एक दाणा समोर ठेवून विचारलं, किती. भूमिका म्हणाली, लाभ.

दोन ठेवले. दोन. तीन ठेवले. तीन. दहापर्यंत बिनचूक गेली. परत एक ठेवला. लाभ.

हे सुभद्रेचं काम. तिचं माहेर रामटेककडचं, धानवाले लोक. तिकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं चालतं. रोज संध्याकाळी ती पितळी मापानं तांदूळ घ्यायची आणि भूमिका ओट्याजवळ स्टुलावर उभी राहून तिच्यामागे म्हणायची. हॉलमध्ये बसून मला बातम्या नीट ऐकू येत नसत.

सोनिका म्हणाली, आईंनी शिकवलं तिले, राहू द्या ना बाबा. मी शांतपणे समजावलं की मुलाखतीत हे चालणार नाही. बाकी चिंता नाही. दहापैकी नऊ आकडे तयार आहेत. राहिला फक्त एक.

५ जानेवारी
संत्र्याचा उपक्रम. नागपूरच्या पोरीला याहून सोयीचं साहित्य कोणतं. संत्रं सोलून फोडी ताटात मांडल्या. पहिल्यांदा मोजल्या तर दहा. नंतर आठ. मग पाच. क्षणभर वाटलं, मीच चुकतोय. मग तिच्या गालाकडे लक्ष गेलं.

म्हणजे वजाबाकी करून झाली. ती अभ्यासक्रमात नव्हती, तेव्हा आपण पुढेच आहोत.

चहात साखर घेतली. संत्र्यानं तोंड आंबट झालं होतं.

९ जानेवारी, संध्याकाळी
घरात ज्या वस्तू एकेकच आहेत त्यांच्यावर 'एक' लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिज, टीव्ही, कूलर, देव्हारा. भूमिकेला अजून वाचता येत नाही, हे सोनिकानं लक्षात आणून दिलं. मला ते माहीत होतं. तो पुढचा टप्पा आहे.

एक चिठ्ठी माझ्या खिशावर लावली आणि विचारलं, आबाजी किती. म्हणाली, लाभ आबाजी. मी म्हणालो, एक आबाजी. तिनं मान हलवली. मला समजावून सांगितलं की एक नाही म्हणायचं, एक म्हटलं का ते एकटं पडते, आजीनं सांगतलं.

याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, अन् कूलरवरची चिठ्ठी काढून आपल्या कपाळाला चिकटवली.

खिशावरची चिठ्ठी तशीच राहिली. भाजी घेऊन घरी आल्यावर दिसली. बाजारात कोणी काही बोललं नाही. नागपूरच्या लोकांना दुसऱ्याच्या कपड्यांकडे पाहायची सवय नाही, हे एक बरं आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. अजून वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे घरात सण नाही. दुकानातून तिळाचे लाडू आणले. सोनिकानं पिशवीकडे पाहिलं, तेव्हा मी स्पष्ट केलं की हे शैक्षणिक साहित्य आहे. तिनं एक लाडू घेतला आणि खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

दुकानाचे लाडू सगळे सारखे असतात. मोजायला बरे. सुभद्रेचे लहान-मोठे व्हायचे. पाक गरम असतानाच वळावे लागतात म्हणून ती हात पाण्यात बुडवून बुडवून वळायची, आणि तरी तळवे लाल व्हायचे.

भूमिका म्हणाली, लाभ, दोन, तीन. निष्कर्ष: गोडानं फरक पडत नाही.

२१ जानेवारी
दुर्गेश गॅलरीत फोनवर बोलत होता. सुरतेचा घरांचा एजंट असावा. दोन बेडरूम नको, तीनचं पाहा, अन् खालच्याच मजल्यावर पाहिजे, पायऱ्या चालणार नाहीत, असं दोनदा सांगून राहिला होता.

एकट्या माणसाला तीन बेडरूम कशाला. पण त्याला लहानपणापासून ऐसपैस लागतं. आणि पायऱ्यांचा आळस तर जन्माचाच. मोठ्या झालेल्या मुलाच्या खर्चात पडू नये.

भूमिकेच्या अभ्यासाबद्दल त्याला माहिती दिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला पद्धत पटलेली दिसते.

२८ जानेवारी, दुपार
बिल्डिंगची लिफ्ट बंद. संधी साधली आणि पायऱ्यांचा उपक्रम घेतला. प्रत्येक पायरीवर पाय ठेवायचा आणि आकडा म्हणायचा. शरीर आणि बुद्धी दोन्ही शिकतात.

अडचण अशी आली की मजला बदलला की भूमिका पुन्हा लाभपासून सुरू करते. तिच्या मते पुढच्या मजल्याच्या पायऱ्या वेगळ्या लोकांच्या आहेत. यावर आमची दुसऱ्या मजल्यावर चर्चा झाली. चर्चेत माझा डावा गुडघा बसला. मी पण बसलो. ती वर पळत गेली आणि आईला घेऊन आली.

सोनिकानं हात देऊन वर नेलं. म्हणाली, बाबा, तुमाले एकट्यानं कसं जमन. मी म्हणालो, चढणं जमतं, आज मोजत होतो म्हणून दम लागला. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण कुकरची शिट्टी झाली.

उपक्रम अंशतः यशस्वी.

३ फेब्रुवारी
घातपात.

सुभद्रेचा भाऊ नत्थूजी रामटेकहून नवा तांदूळ घेऊन आला. दर वर्षी आणतो. यंदा आणणार नाही असं मी धरून चाललो होतो. बहीण नाही तर कशाला आणेल. पण पोतं खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. तांदळाच्या डब्यातून पितळी माप काढलं, मांडी घातली, भूमिकेला मांडीवर घेतलं आणि दोघं पोत्यातून डब्यात तांदूळ मोजायला लागले. लाभ, दोन, तीन. तिचा हात मापावर, याचा हात तिच्या हातावर. सोनिका दाराशी उभी राहून ओठातल्या ओठात म्हणत होती. माझी महिनाभराची मेहनत त्या डब्यात गेली.

मी आक्षेप नोंदवला. नत्थूजी म्हणाला, भाऊजी, धान्य घरात येऊन राहिलं अन् पयल्या मापाले एक कसं म्हणाव. मी म्हणालो, मुलाखत आहे. तो म्हणाला, काहाची मुलाखत गा, चार वर्साच्या पोरीची. मग माप खाली ठेवून म्हणाला, पोरीच्या गयात ताईचा आवाज हाय, तुमी आयकला का.

तसं काही नाही. सुभद्रेचा आवाज जाड होता. लाभमधला ला ती जरा लांबवायची, भूमिकाही लांबवते, इतकंच.

मी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला गेलो. सकाळी घातलं होतं. पुन्हा घातलं.

४ फेब्रुवारी
प्रशासकीय निर्णय: पितळी माप कपाटावर, जुन्या पंख्यामागे ठेवलं. तांदूळ आता कुकरसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पेल्यानं घेतात. संध्याकाळी भूमिका डब्यात हात घालून बराच वेळ शोधत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

मुलांना सवय व्हायला वेळ लागत नाही, असं त्या व्हिडिओतल्या बाईनंही सांगितलं आहे.

१० फेब्रुवारी
राजमा संपला. सोनिकानं भाजी केली. साहित्य म्हणून वेगळं ठेवलं आहे असं मी सांगितलं होतं की नाही, यावर मतभेद आहेत. भाजी चांगली झाली होती.

साहित्य नाही म्हणून भूमिकेनं स्वतःच सोय केली. सुभद्रेचा बांगड्यांचा डबा ओढत घेऊन आली. हिरव्या काचेच्या. फरशीवर एकेक मांडत गेली, लाभ, दोन, तीन. मी म्हणालो, ठेव आत. नाही म्हणाली. मी हातातून घेतल्या. जरा जोरात घेतल्या असतील. ती रडली. काच हाताला लागते, म्हणून घेतल्या. तेच कारण होतं.

डब्यात परत ठेवताना मी मोजल्या. सव्वीस भरल्या. खात्रीसाठी पुन्हा मोजल्या तर पंचवीस. तिसऱ्यांदा मोजल्या नाहीत. नीट दिसत नव्हतं. डोळे तपासून घ्यायला हवेत.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११
ऐतिहासिक दिवस.

नवीन राजमा. सोबत रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. एक दाणा ठेवायचा, बरोबर उत्तर आलं की एक गोळी. लाभला गोळी नाही. सुरुवातीला तिनं गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग अगदी हळू म्हणाली, एक.

गोळी दिली. तोंडात टाकली नाही. विचारते, आता हे एकटं पडन का. मी म्हणालो, काही पडत नाही. तिला खात्री वाटली नसावी. तिनं डब्यातून दुसरा दाणा काढला आणि पहिल्याला लागून ठेवला. मग गोळी खाल्ली.

असो. एक आलं. दीड महिन्यात संपूर्ण संख्यामालिका. सोनिकाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, म्हणते का आता एक. आणि आत निघून गेली. आनंदानं माणसाला काही सुचत नाही कधीकधी.

मलाही सुचलं नाही. दुपारभर बसून होतो.

२५ फेब्रुवारी
नवा दोष. एक म्हणते, पण लगेच शेजारी दुसरी वस्तू ठेवते. चमचा दाखवला, एक म्हणाली, दुसरा चमचा आणून ठेवला. चप्पल दाखवली, दुसरी शोधून आणली. ती चूक धरली नाही, चपला जोडीनंच असतात. काल मी सोफ्यावर बसलो होतो. आबाजी किती, म्हणून विचारलं. एक म्हणाली आणि येऊन माझ्याजवळ बसली. अगदी चिकटून. बराच वेळ बसली.

हा दोष मुलाखतीपर्यंत काढून टाकायचा आहे. घाई नाही.

सोनिकानं किराणा दुकानातून रिकामे खोके आणलेत. वरची भांडी उतरवून कागदात गुंडाळून ठेवते आहे. उन्हाळ्याच्या आधीची साफसफाई. सुभद्रा भांडी गुंडाळत नसे, पण ही पिढी प्रत्येक गोष्ट टापटिपीनं करते.

८ मार्च, दुपारी २
इंटरॅक्शन.

आत फक्त आईवडिलांनी यायचं असं होतं. मी सांगितलं की मुलीचा शिक्षक मी आहे. वंदना मॅडम म्हणून होत्या, त्यांनी एक खुर्ची आणखी मागवली. समंजस बाई.

मॅडमनी भूमिकेला रंग विचारले, मग फळांची चित्रं. नंतर टेबलावर लाल ठोकळा ठेवला आणि विचारलं, हे किती आहेत. भूमिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीही सुचवलं नाही. ओठ थोडे हलले असतील. ती म्हणाली, एक.

मी सोनिकाकडे पाहिलं. आणि तेवढ्यात भूमिकेनं मॅडमच्या पेटीत हात घालून एक पिवळा ठोकळा काढला आणि लाल ठोकळ्याला टेकवून ठेवला. मॅडमनी विचारलं, हा काहून ठेवला गं. म्हणाली, ते एकटं होतं.

मॅडम हसल्या, पण फाईल बंद केली. पुढचे आकडे विचारलेच नाहीत. दोन ते दहा सगळं तयार होतं, वाया गेलं. मी बोलणार होतो, पण दुर्गेशनं माझा हात धरला. बाहेर आल्यावरही धरूनच होता.

एका ठोकळ्यानं घात केला. तिच्यावर रागावलो नाही. रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली.

१५ मार्च, सकाळी १०
यादी लागली. भूमिकेचं नाव आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आहे.

शिपायानं सांगितलं म्हणून वंदना मॅडमना भेटून आलो. त्या म्हणाल्या, आबाजी, पोरगी गोड आहे हो तुमची. मोजणं कसं वाटलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, मोजणं काय, येते सगळ्यांलेच. थोडक्यात, पद्धतीचं कौतुक झालं.

जिलेबी घेतली. घरी जाताना हिशोब मांडत होतो. सकाळी शाळेत सोडायला मी, आणायला मी. दुपारी जेवण, झोप, मग उपक्रम. पुढच्या वर्षी शंभरपर्यंत. सुभद्रेच्या फोटोपुढे एक जिलेबी ठेवली. म्हटलं, राहतेय पोरगी.

आता चहा. साखरेचा.

१५ मार्च, संध्याकाळी ६
जात आहेत.

सगळेच. दुर्गेशनं जिलेबीची बशी बाजूला सारून सांगितलं. सुरतेचं घर जानेवारीतच घेतलं होतं. शाळाही तिकडे पाहून ठेवली आहे. मी म्हणालो, ठरावाला कोणी विरोध केला नव्हता. तो म्हणाला, बाबा, आई गेल्यावर तुम्ही दिवस दिवस टीव्हीपुढे बसून राहायचे. बोलत नव्हते, नीट जेवत नव्हते. पोरीले शिकवायचं काढलं अन् उठून बसले. मग काहून मोडाचं, म्हटलं.

म्हणजे हा वर्ग माझ्यासाठी चालला होता. शिक्षक वेगळेच होते.

मग सोनिका म्हणाली, तुमाले सोडून जाऊन राहिलो नाही बाबा. तुमच्यासाठीच तं खालचा मजला पाह्यला. तिसरी खोली तुमची हाय. चला ना.

मी नाही म्हणालो. कारणं अशी. वर्षश्राद्ध व्हायचं आहे, तोवर घराला कुलूप नको. गॅलरीतली झाडं आहेत. मला गुजराती येत नाही. या घरात सुभद्रेनं सव्वीस की पंचवीस बांगड्या ठेवल्या आहेत, हे कारण बोललो नाही. दुर्गेशनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणालो. भूमिकेनं विचारलं, आबाजी काहून नाही येऊन राहिले. तिला कोणी उत्तर दिलं नाही. मी द्यायला हवं होतं.

एकदा नाही म्हटल्यावर माणसाला परत हो म्हणता येत नाही, निदान मला येत नाही. बाकी काळजीचं कारण नाही. दोन महिन्यांत कंटाळून येतील. शाळेतली जागा तोवर राखून ठेवायला सांगतो.

१७ मार्च
जागा राखून ठेवत नाहीत.

३० मार्च
पाडवा. गुढी नाही. घरभर खोके. सोनिकानं विचारलं, आईंचं पितळी माप कुठं गेलं बाबा, भूमिकेसाठी घेऊन जाईन म्हणते. मी म्हणालो, पाहतो.

कपाटाखाली उभा राहिलो. पंख्यामागे त्याची कड दिसत होती. हात पोचत होता. स्टूल लागलं नसतं. तसाच बाहेर आलो आणि म्हणालो, सापडत नाही.

त्यांना तिकडे प्लास्टिकचा पेला आहे. तांदूळ घ्यायला तेवढा पुरतो.

५ एप्रिल, संध्याकाळी
स्टेशनवर सोडून आलो. नत्थूजी रामटेकहून आला होता. भूमिका खिडकीशी बसली होती. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघं उभे होतो. ती बोटानं मोजत होती, एक, दोन. मग नत्थूजीला म्हणाली, तुमी आबाजीजवळ उभे राहा. तो सरकून उभा राहिला. गाडी सुटली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, भाऊजी, रामटेकले चाला चार दिवस. मी म्हणालो, घरी काम आहे.

घरी आलो. टीव्हीवर चिठ्ठी होती. फ्रिजवर होती, देव्हाऱ्यावर होती. मी लावलेल्याच. वाचत वाचत आत आलो. त्या चिठ्ठ्या कशाला लावल्या होत्या मी. सगळ्या काढून टाकल्या.

मग रडलो. ही नोंद करायला हरकत नाही, वाचायला कोणी नाही.

१२ एप्रिल
दिनक्रम ठरवला. सकाळी फिरणे. दुपारी वाचन. संध्याकाळी भूमिकेला व्हिडिओ कॉल, त्यात दोन आकडी संख्यांचा पाया. अंतर ही काही अडचण नाही.

फिरायला गेलो नाही. ऊन फार.

२ मे
व्हिडिओ कॉलचा वर्ग. मी इथे राजमा मांडतो, ती तिथे पाहते. हातात काही नसल्यामुळे हँड्स-ऑन होत नाही. आज दोन मिनिटांनी उठून गेली. सोनिका म्हणाली, खेळायले गेली बाबा, मैत्रिणी झाल्या तिच्या. चांगलं आहे. मैत्रिणी किती, असं विचारायला हवं होतं, तोही उपक्रम झाला असता.

राजमा डब्यात परत ठेवला.

२४ जून, संध्याकाळी ७
भूमिकेची नवी शाळा सुरू होऊन आठवडा झाला. आज फोनवर युनिफॉर्ममध्येच होती. दोन वेण्या. मी म्हणालो, चल, परीक्षा. आबाजी किती.

तिनं लगेच एक बोट वर केलं. म्हणाली, वन.

सोनिका मागून म्हणाली, पाहा बाबा, तुमचा पाया पक्का आहे. मी म्हणालो, व्हेरी गुड. उच्चार स्वच्छ होता. लाभ गेलं, एकही गेलं.

मी वाट पाहत होतो. तिचं बोट तसंच होतं. शेजारी दुसरं बोट काही तिनं लावलं नाही. मग कोणीतरी बाहेरून हाक मारली आणि ती गेली. त्या लहान मुलीनं आता काय करायला हवं होतं. शिकवलेलं बरोबर सांगितलं. मीच तर शिकवलं.

स्टूल घेऊन पितळी माप काढलं. हात पोचतो तरी स्टूल घेतलं. माप धुतलं, पुसलं. नत्थूजीचा तांदूळ अजून डबाभर आहे, एकट्याला संपत नाही. पहिलं माप भरलं आणि लाभ म्हणालो. ला जरा लांबवून. घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हणालो.

मग दुसरं भरलं. एका माणसाला दोन मापं लागत नाहीत, हे मला समजतं.

भात उरला.